डुगडुगणारा कमोड आणि न दिसणारा सांधा

नवा कमोड बसवून झाला की बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तळाशी फिरवलेल्या सिलिकॉनच्या पांढऱ्या रेघेवर जाते आणि तो मान डोलावतो, "चांगला पॅक झालाय." गळती थांबवणं हे त्या रेघेचं कामच नाही. मैल्याचं पाणी भांड्यातून पाइपात उतरतं तो सांधा भांड्याच्या पोटाखाली असतो. भांडं एकदा टेकलं की तो पुन्हा दिसत नाही, हात लावून तपासताही येत नाही. टाकी, सीट, नळी ही कामं सोपी. चुकली तर पाणी लगेच दिसतं आणि दुरुस्त करता येतं. खालचा सांधा चुकला तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

माझ्याच हातून बिघडलेल्या एका कमोडची गोष्ट सांगतो. नवखा होतो. फरशीला किंचित उतार होता आणि भांडं एका कोपऱ्यावर केसभर डुगडुगत होतं. बोल्ट आवळले की बसेल, असं मनाशी म्हटलं. बसलं नाही. मग फटीत सिलिकॉन सढळ हाताने भरलं, बोटाने गुळगुळीत केलं. इतकं सुबक दिसलं की मी स्वतःवरच खूश. चार-पाच महिन्यांनी निरोप आला, बाथरूममध्ये वास मारतोय. भांडं उचललं तर खालच्या सांध्यात भांडं आणि पाइप यांच्यामध्ये दाबून बसवलेली मेणाची रिंग एका बाजूला नखाइतकी पातळ दबलेली, दुसऱ्या बाजूला जवळजवळ होती तशीच उंच, आणि त्या उंच बाजूच्या माथ्यावरून मुंग्यांची वाट असावी तशी काळी रेघ बाहेर गेलेली. खालची फरशी काळीकुट्ट, चिकट. माणूस बसला-उठला की भांडं जरासं हलायचं, मेण दबायचं, आणि मेण काही रबरासारखं परत फुगत नाही. प्रत्येक फ्लशला चमचाभर पाणी निसटत होतं, आणि माझं ते सुबक सिलिकॉन त्याला बाहेर येऊ देत नव्हतं, म्हणून कुणाला दिसतही नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी भांडं कोरडं ठेवून स्थिर करायचं, मग खालचा सांधा, मग बोल्ट, मग पाण्याची परीक्षा, आणि सिलिकॉन सगळ्यात शेवटी. पुढे हा लेख त्याच क्रमाने जातो.

भांडं घेण्याआधी

जमिनीवर बसणाऱ्या कमोडचे मुख्य प्रकार दोन. ज्याचं तोंड खाली फरशीत उतरतं तो एस-ट्रॅप आणि ज्याचं तोंड मागे भिंतीत जातं तो पी-ट्रॅप. तुमचा पाइप कुठून येतो यावर प्रकार ठरतो, आवडीवर नाही. त्यामुळे भांड्याचा रंग-आकार ठरवण्याआधी टेप घेऊन खाली बसा.

एस-ट्रॅपसाठी भिंतीपासून फरशीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. भिंत म्हणजे टाइल लावून तयार झालेली भिंत. नुसत्या प्लास्टरपासून मोजलं आणि नंतर टाइल चढली, तर मसाला धरून दोन-एक सेंटिमीटर सहज खाल्ले जातात. मग टाकी भिंतीला अडते आणि भांड्याचं तोंड पाइपाच्या पुढे पडतं. बऱ्याच भांड्यांचं हे अंतर १२ इंच, म्हणजे साधारण ३०५ मिमी असतं. ९ आणि १० इंचांचीही मिळतात. पी-ट्रॅपसाठी फरशीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. ती बहुतेक वेळा १८० मिमीच्या आसपास भरते. थोडाफार फरक असेल तर तिरकं तोंड असलेला ऑफसेट कनेक्टर तो भरून काढतो, पण तो गरजेपुरताच वापरावा. वळण वाढलं की अडकण्याची जागाही वाढते.

आजूबाजूची जागाही बघून घ्या. भांड्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना निदान ३८० मिमी मोकळे हवेत, नाहीतर बसणाऱ्याचे कोपर भिंतीला घासतात. दार आत उघडत असेल तर ते भांड्याला लागत नाही ना, हेही आत्ताच बघायचं.

ट्रॅप म्हणजे काय, हे दोन वाक्यांत समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भांड्याच्या आत पाइपाला वळण असतं आणि त्या वळणात पाणी कायम भरून राहतं. ते पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. हे वळण अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली पेटंट करून घेतलं. घड्याळजीला ही बुद्धी सुचावी याची मला अजून गंमत वाटते. आजच्या भांड्यांत हा पाण्याचा पडदा साधारण ५० मिमीचा असतो. पण आपण करणार तो सांधा या पडद्याच्या पलीकडे, गटाराच्या बाजूला आहे. म्हणून तो सैल राहिला तर नुसतं पाणी गळत नाही, वायूही थेट खोलीत येतो. मग भांड्यात पाणी कितीही स्वच्छ दिसो.

जुनं भांडं काढताना

पाण्याचा कॉक बंद करा, फ्लश दाबून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपून काढा. भांड्यातलं पाणीही मग्याने आणि स्पंजने काढायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, पण टाळलं तर भांडं उचलताना तेच पाणी पायावर येतं. रबरी हातमोजे घाला.

जुने बोल्ट गंजलेले असतील तर पान्याशी झुंजत बसू नका. गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा, नाही सुटला तर नट हॅक्सॉने कापा. तळाभोवतीचं जुनं सिलिकॉन कटरने चिरून घ्या. आणि भांडं सिमेंटमध्ये गाडलेलं असेल तर मात्र ते अखंड निघेल अशी आशा सोडा. डोळ्यांना चष्मा लावा, कारण फुटलेल्या चिनीमातीची कपची काचेपेक्षा कमी नसते.

एकसंध कमोडचं वजन ४० किलोच्या आसपास जाऊ शकतं आणि त्याला धरायला धड जागा नसते. दुसरा माणूस बोलावून घ्या. भांडं निघालं की पाइपाच्या उघड्या तोंडात लगेच फडक्याचा बोळा कोंबा, म्हणजे वासही थांबेल आणि स्क्रू, खडे आत पडणार नाहीत. त्या फडक्याला एक लांब दोरी बांधून तिचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधा. हसू नका. फडकं आत विसरून वर भांडं बसवणारे लोक मी पाहिले आहेत. फ्लश केल्यावर पाणी वर चढायला लागतं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पाइपाचं तोंड

आता जुनं मेण, पुट्टी, सिमेंटचे कण सगळं पट्टीने खरवडून काढा. फरशी कोरडी आणि उघडी दिसली पाहिजे. जुन्या मेणाचा ओशट थर राहिला तर नव्याची पकड बसत नाही. शेवटचा हात स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने मारा.

तुमच्याकडे फरशीवर फ्लँज असेल, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी बोल्ट अडकवायच्या खाचा असलेलं गोल कडं असेल, तर दोन गोष्टी तपासा. एक, ते फुटलेलं किंवा हलतं नाही ना. दुसरी गोष्ट उंचीची. फ्लँज तयार फरशीच्या वर टेकलेला हवा, म्हणजे त्याची वरची कडा फरशीपासून साधारण ६ मिमी वर येते. बाथरूमला जुन्या टाइलवरच नव्या टाइल लावल्या की फ्लँज खड्ड्यात जातो आणि नेहमीची मेणाची रिंग भांड्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी एकावर एक दोन रिंगा रचायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण वरची रिंग भांडं टेकताना बाजूला सरकू शकते आणि ते दिसायला मार्गच नसतो. फ्लँजची उंची वाढवणारी जोडरिंग मिळते, ती खाली सिलिकॉन लावून स्क्रूने बसवा.

फ्लँज नसेल आणि फरशीतून नुसता ११० मिमीचा पाइप डोकावत असेल, तर भांड्याच्या तोंडावर रबरी कनेक्टर चढतो आणि त्याचं दुसरं टोक पाइपात जातं. या कनेक्टरला आत-बाहेर रबराच्या पातळ पाकळ्या असतात आणि सांधा त्या पाकळ्याच धरतात. म्हणून पाइपाची कड आतून बोटाने चाचपून बघा. कापताना राहिलेला टोकदार कंगोरा रबर फाडतो. पॉलिश पेपरने गोल करून घ्या. कनेक्टर पाइपात किती खोल जाईल याची त्याच्यावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे बसवताना पूर्ण आत गेला की नाही हे कळेल.

फरशी हलत असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा खाली लाकूड असून ते मऊ लागत असेल, तर इथेच थांबा. आधी फरशी पक्की करा. हलत्या फरशीवर कुठलाच सांधा टिकत नाही.

कोरडी बसवणूक

घाईत लोक हीच पायरी गाळतात. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

कुठलंही मेण, रबर न लावता भांडं जागेवर ठेवा. फ्लँज किंवा पाइपाचं तोंड मध्ये टेकून भांडं अधांतरी राहत असेल तर ते आत्ताच कळेल. मग पाणसळ घ्या आणि भांड्याच्या काठावर आधी आडवी, मग उभी ठेवा. बुडबुडा मध्ये हवा. त्यानंतर दोन्ही हात काठावर ठेवून भांडं तिरप्या कोपऱ्यांवर दाबा: पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे कुठेतरी "टुक्" असा आवाज येतोच. तो आवाज नीट ऐका. ज्या कोपऱ्यावर तो येतो तिथे भांडं फरशीला टेकलेलं नाही.

तिथे प्लॅस्टिकची पाचर सरकवायची. लाकडाची नको, ती पाणी पिऊन फुगते आणि पुढे कुजते. पुठ्ठ्याची तर मुळीच नको. पाचर हलक्या हाताने, अंगठ्याच्या जोराने सारायची. हातोडीने ठोकलीत तर ती भांडं वर उचलते आणि आता दुसराच कोपरा टुकटुकायला लागतो. एक पाचर, पुन्हा दाबून बघा, दुसरी पाचर, पुन्हा दाबून बघा. आवाज पूर्ण बंद झाला की भांड्यावर बसा आणि डावीकडे-उजवीकडे झुका. काहीच हललं नाही, तर झालं.

आता पेन्सिलने तळाची बाह्यरेषा फरशीवर काढा, पाचरी कुठे आहेत तिथे खुणा करा आणि बोल्टच्या भोकांतून फरशीवर ठिपके मारा. भांडं मागे टाकीशी भिंतीला टेकत नाही ना, तेही बघा. ही सगळी कसरत एवढ्यासाठी की मेणावर भांडं एकदा ठेवलं की मग सरकवणं नाही, उचलणं नाही. पाचरी तेव्हा शोधायला गेलात तर सांधा तिथेच बिघडला.

भोकं

फ्लँजचे बोल्ट असतील तर ही पायरी लागत नाही. नसतील तर फरशीत रोलप्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, बसवावे लागतात. ठिपक्यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे ड्रिलचा बिट चकचकीत टाइलवरून घसरणार नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, वेग कमी ठेवा आणि बिटवर पाण्याचे थेंब सोडत राहा. टाइल गेली आणि खाली काँक्रीट लागलं की मग बिट बदलून हॅमर चालू करा. रोलप्लगच्या लांबीपेक्षा जरासंच जास्त खोल जा, अधिक नाही. खाली ओल रोखणारा थर असतो, कधी पाण्याचा पाइपही असतो. भोकातली भुकटी काढून, प्लग घालण्याआधी आत सिलिकॉनचा एक थेंब सोडा. हे भोक म्हणजे फरशीच्या खाली जायची पाण्याची वाट आहे, आणि ती आपणच पाडलेली असते.

खालचा सांधा

मेणाची रिंग आणि रबरी सील हे दोन पर्याय. मेण स्वस्त, जुनं, भरवशाचं, पण एकदाच वापरायचं. दबलेलं मेण परत उभं राहत नाही, त्यामुळे भांडं कुठल्याही कारणाने उचललं की रिंग नवी. रबरी किंवा फोमचं सील थोडं महाग असतं, पण बसवताना भांडं पुन्हा उचलावं लागलं तरी चालतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी रबरी सील घ्यायला सांगतो, आणि मेण घेतलंच तर एक जास्तीची रिंग जवळ ठेवायला सांगतो.

मेण थंडीत कडक होतं आणि नीट पसरत नाही. रिंग आणि भांडं दोन्ही काही तास गरम खोलीत ठेवा. रिंग भांड्याच्या तळाला चिकटवतात किंवा फ्लँजवर ठेवतात. मी फ्लँजवर ठेवतो, कारण ती मध्यावर आहे हे वरून दिसतं. तिला प्लॅस्टिकची नळी जोडलेली असेल तर ती पाइपाच्या आत, खाली तोंड करून. बोल्ट खाचांत उभे करा, दोन्ही बोल्ट मागच्या भिंतीपासून सारख्या अंतरावर. ते पडत असतील तर बुडाशी मेणाचा तुकडा लावून धरा. पाचरी खुणांवर ठेवा.

आता फडकं काढा. खरंच काढा.

दोघांनी भांडं दोन्ही बाजूंनी उचला, पाठ सरळ, जोर गुडघ्यांवर. पेन्सिलच्या रेषेच्या बरोबर वर आणा. एकाने खाली वाकून बोल्ट भोकांतून दिसतात का ते सांगायचं. दिसले की सरळ खाली सोडायचं, तिरकं नाही, फिरवत नाही. मेणाला टेकल्यावर हाताला मऊ अडथळा जाणवतो. मग भांड्यावर बसा, वजन मध्यावर ठेवा आणि तळ फरशीला, पाचरींना टेकेपर्यंत थांबा. भांडं खाली येतं ते अंगाच्या वजनाने यायला हवं. नट आवळून ओढून खाली आणायला गेलात तर चिनीमाती तडकते. बसल्यावर मागे-पुढे डोलून "बसतंय का" बघायचं नाही, डोललात की मेणात फट पडलीच.

रबरी कनेक्टर असेल तर त्याच्या पाकळ्यांना साबणाचं पाणी लावा. तेल, व्हॅसलीन, ग्रीस नको. खनिज तेलाने बरीच रबरं फुगतात आणि मऊ पडतात. कनेक्टर आधी भांड्याच्या तोंडावर पूर्ण चढवा, मग भांडं सरळ रेषेत पाइपाकडे ढकला. मघाशी केलेली पेनाची खूण कुठवर आली ते बघा. पाकळी एका बाजूला दुमडली असेल तर ढकलताना हाताला वेगळाच ताण लागतो. तसं वाटलं तर बाहेर काढून पुन्हा घाला. रबराच्या बाबतीत ही मुभा आहे. पी-ट्रॅपमध्ये सांधा भिंतीत असतो, पण भांडं हललं की तोही ओढला जातो, तेव्हा पाचरींचं काम तिथेही चुकत नाही.

बोल्ट

प्लॅस्टिकची चकती खाली, धातूची वर, मग नट. धातू थेट चिनीमातीवर नको. नट हाताने जितका जाईल तितका फिरवा, दोन्हीकडे. मग पान्याने एका बाजूला पाव फेरा, दुसऱ्या बाजूला पाव फेरा, असं आलटूनपालटून. दोन-तीन वेळा झालं की भांडं हलवून बघा. हलत नसेल तर तिथेच सोडा. "आणखी थोडं" म्हणून दिलेल्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्याने फुटलेली भांडी मी मोजायचं सोडून दिलंय. बोल्ट भांडं जागेवर धरतात, फरशीची उंचसखल सरळ करायचं काम त्यांचं नाही. बोल्टची वर राहिलेली लांबी आत्ता कापू नका, बोल्ट झाकायच्या टोप्याही नंतर.

टाकी आणि पाणी

टाकी वेगळी असेल तर तिच्या तळाच्या मोठ्या रबरी वॉशरची गोल बाजू भांड्याच्या खळग्यात बसली पाहिजे. टाकीचे बोल्टही तसेच आलटूनपालटून आवळा. भिंतीतल्या अँगल कॉकच्या (टाकीला पाणी देणाऱ्या नळाच्या) आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने सात-आठ वेढे गुंडाळा, म्हणजे कॉक फिरवताना ती उलगडत नाही. लवचीक नळीच्या नटात मात्र रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. हाताने घट्ट आणि पान्याने अगदी थोडं. टाकीतली पाण्याची पातळी मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या साधारण २५ मिमी खाली ठेवा.

पाण्याची परीक्षा

सिलिकॉन अजून लावलेलं नाही, आणि ते मुद्दाम. तळाभोवती कोरडा टिशू पेपर घडी करून लावा. भांड्यात रंगाचं पाणी घाला आणि फ्लश करा. मिनिटभर थांबा, पुन्हा. असं आठ-दहा वेळा. मधल्या काही फ्लशच्या वेळी कुणीतरी भांड्यावर बसलेलं असू द्या, कारण रोजच्या वापरात भांड्यावर वजन असतं. टिशूवर रंगाचा ठिपका जरी आला, तरी सांधा गेला. नट आवळून तो बरा होत नाही. भांडं उचला, नवी रिंग लावा. पाणी रंगहीन असेल तर टाकीच्या बोल्टपासून किंवा नळीपासून ओघळलंय का ते बघा. थंड पाणी भरल्यावर टाकीला बाहेरून घामही येतो, त्याने फसू नका. आणि टाकीत रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता ठेवला तर टाकीच्या तळाचा, फ्लशचं पाणी अडवणारा रबरी पडदा गळतो का तेही कळतं: रंग भांड्यात उतरला की तो गळतोय.

मी एक रात्र जाऊ देतो आणि सकाळी बोल्ट एकदा तपासतो. मेण रात्रीत आणखी किंचित बसतं.

सिलिकॉन, आणि सिमेंटबद्दल थोडं

मग सिलिकॉन कशाला? तीन कारणांसाठी. फरशी धुताना घाण पाणी भांड्याखाली जाऊ नये, पाचरी जागच्या हलू नयेत आणि भांडं बाजूला सरकू नये. फंगस रोखणारं सॅनिटरी सिलिकॉन घ्या. रंगाऱ्यांचं अ‍ॅक्रिलिक इथे चालत नाही, ते सुकताना आक्रसतं आणि साचलेल्या पाण्यात सुटतं. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाइलवर ठीक, पण संगमरवरावर त्यातल्या आम्लाचे डाग पडतात. तिथे न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या.

पाचरींची बाहेर आलेली टोकं कटरने तळाच्या आत कापा. फरशी आणि भांड्याची कड स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. फटीच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावा, मध्ये पाचेक मिलिमीटर जागा सोडून. नळकांड्याचं टोक तिरकं कापा, गनचा खटका एकसारखा दाबत एका दमात रेघ ओढा. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं की रेघ उसवते. सिलिकॉन ओलं असतानाच पट्ट्या ओढून काढा. दहा-वीस मिनिटांत वर साय धरते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला वेळ लागतो, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. निदान २४ तास तिथे पाणी नको.

मागच्या बाजूला, भिंतीकडे, दोन बोटं रुंद फट मी मोकळी सोडतो. यावर वाद आहे. काही नियमावल्यांत फरशीशी येणारा सांधा पूर्ण बंद करायला सांगितलेला असतो, आणि तुमच्याकडे तसा नियम असेल तर तो पाळा. पण जिथे मुभा आहे तिथे ती फट माझ्यासारख्यांची चूक चव्हाट्यावर आणते. पहिल्या गोष्टीतल्या कमोडला ती असती तर गळती चार महिन्यांनी नाही, चौथ्या दिवशी कळली असती.

सिलिकॉनऐवजी पांढरं सिमेंट भरायची सवय अनेक कारागिरांना आहे. दिसतं छान, वाळतं लवकर. पण सिमेंटला लवचीकपणा नाही. भांड्यावर वजन पडतं-उतरतं, त्यात केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून मुरलेलं पाणी पिवळं पडतं आणि वास धरतं. भांडं काढायची वेळ आली की फोडावंच लागतं. फरशी फारच खडबडीत असेल तर तळाच्या कडेखाली ग्राउटचा (टाइलच्या फटी भरायच्या मसाल्याचा) पातळ थर टेकू म्हणून द्या, वाळू द्या, मग बाहेरून सिलिकॉन. संपूर्ण पोकळी मसाल्याने भरून भांडं त्यात रुतवायचं मात्र नाही.

नंतर काही बिघडलं तर

कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. बरेच दिवस वापर नसेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. बादलीभर पाणी ओता, वास जाईल. पाणी भरूनही वास राहिला तर शंका खालच्या सांध्यावर घ्या. फ्लशनंतर गुडगुड आवाज येऊन भांड्यातली पातळी खाली जात असेल तर दोष सांध्याचा नाही, पाइपाला हवा मिळत नाहीये किंवा पुढे कुठे अडलंय. खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसली तर वाट बघू नका, वापर थांबवा आणि भांडं उचला. वरून कितीही सिलिकॉन थापलं तरी तो मार्ग बंद होत नाही.

महिनाभराने एकदा गुडघा टेकवून भांडं बाजूने दाबून बघा. किंचित हललं तर नट पाव फेरा, दोन्हीकडे सारखा. मग टिशू पेपरची घडी मागच्या फटीतून आत सरकवा, थोडा वेळ ठेवा, काढून दिव्याखाली धरा. कोरडी निघाली तर बोल्टची वाढीव लांबी हॅक्सॉने कापा आणि टोप्या दाबून बसवा.